डामाची सही आणि नीतीचा प्रश्न

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत वैद्यकीय व्यवहाराबद्दल दोन मोठे वाद झाले, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल असे वाद घालणाऱ्यांना वाटल्याचे दिसले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने, बरे होण्याची आशा न उरलेल्या रुग्णांचे जीवरक्षक उपचार केव्हा आणि कसे थांबवावेत याविषयीचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. डॉक्टरांच्या संघटनांनी कायदेशीर जोखमीचा मुद्दा काढला, इतर काहींनी जीवनाच्या पावित्र्याचा, आणि ती चर्चा ‘नीती’ या सदरात जमा झाली. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने मोठी अनामत मागितल्यामुळे उपचार लांबले आणि एका गर्भवती स्त्रीला प्राण गमवावे लागले, असा आरोप झाला. तेव्हा ‘डॉक्टर कसाई झाले’ आणि ‘रुग्णालय काय फुकट चालते?’ या दोनच वाक्यांवर बरेच दिवस भांडण चालले, आणि ती चर्चा ‘पैसा’ या सदरात गेली. लहान मुलांच्या रुग्णालयात ही दोन्ही सदरे एकाच खाटेपाशी येतात. म्हणून माझे म्हणणे आरंभीच मांडतो: मुंबईतील प्रत्येक बालरुग्णालयात, आणि जिथे मुलांचा अतिदक्षता विभाग आहे अशा प्रत्येक सर्वसाधारण रुग्णालयात, नीतिविषयक सल्ला देणारी कायमस्वरूपी व्यवस्था हवी, पण कोणत्या मुलाला पैसा, भाषा, अंतर किंवा लिंग यांमुळे कमी मिळाले, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर ठेवायचा असेल तर ती न स्थापलेली बरी.

नीतिसमिती म्हटले की आपल्याकडे संशोधनाची समिती डोळ्यांसमोर येते, आणि ते स्वाभाविक आहे. नव्या औषधाची चाचणी मुलांवर घ्यायची असेल तर २०१९ च्या नियमांनुसार नोंदणीकृत समितीची परवानगी लागते, आणि तिच्यात कायद्याचा जाणकार व सामान्य नागरिकही बसतो. चाचणीत नसलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र असे बंधन नाही. चोविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला किती दिवस व्हेंटिलेटरवर ठेवायचे, रक्त देण्यास धार्मिक कारणाने नकार देणाऱ्या पालकांपुढे डॉक्टरांनी काय करावे, चौदा वर्षांच्या कर्करोगग्रस्त मुलीपासून तिच्या आजाराचे नाव लपवावे का, हे प्रश्न रोज पडतात आणि ज्याच्या ड्यूटीत पडले त्याने आपल्या परीने सोडवायचे असतात. हा विषय कोणी परदेशातून आणून आपल्यावर लादलेला नाही. भारतीय वैद्यकनीतीला वाहिलेले नियतकालिक १९९३ पासून याच मुंबईतून निघते आहे. तीस वर्षांहून अधिक काळ शहरात लिहिले-बोलले गेलेले वॉर्डात मात्र पोहोचलेले नाही.

वॉर्डात पोहोचलेला आहे तो डामाचा कागद. वैद्यकीय सल्ला डावलून रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत, अशी सही नातेवाईक देतात त्याला सगळे डामा म्हणतात. वसई-विरारच्या किंवा कल्याणच्या एखाद्या खाजगी नर्सिंग होममध्ये अपुऱ्या दिवसांचे बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात आहे, बाप रोजंदारीवर किंवा गाडीवर, पाच-सहा दिवसांत दागिने आणि उसनवारी संपते, महापालिकेच्या रुग्णालयात फोन केला की व्हेंटिलेटर रिकामा नाही असे कळते, आणि मग कोणीतरी कागद पुढे करते. सही झाली की बाळाची नळी निघते. एका मुलाचे जीवरक्षक उपचार थांबले, पण कोणीही त्याला नैतिक निर्णय म्हटले नाही. ती पालकांची मर्जी ठरली. याच्या शेजारी कायदा ठेवून पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१८ च्या निकालानुसार आणि जानेवारी २०२३ मध्ये सुलभ केलेल्या कार्यपद्धतीनुसार, स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णाचे असे उपचार थांबवायचे तर एकामागून एक दोन वैद्यकीय मंडळांचे मत लागते. म्हणजे ज्याचे बिल भरले जात आहे त्याच्या मरणाची दोन मंडळे छाननी करणार, आणि ज्याचे बिल थकले आहे त्याच्या मरणाला बापाची एक सही पुरणार! नीती आणि समता हे दोन स्वतंत्र विषय आहेत असे मानणाऱ्यांनी या दोन कागदांतील अंतराचा खुलासा करावा.

माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप साधनांचा आहे आणि तो हलका नाही. एका सिस्टरकडे किती मुले असावीत याचे कागदावरचे प्रमाण आणि प्रत्यक्ष रात्रपाळी यांतील तफावत ज्याने पाहिली आहे, व्हेंटिलेटर नाही म्हणून नातेवाइकांना हाताने श्वास देण्याची ॲम्बू बॅग दाबत बसवलेले ज्याने पाहिले आहे, त्याला नीतिसल्ला ही चैन वाटली तर त्याला दोष देता येणार नाही. समित्यांचा मुंबईला तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो खाटांचा. शिवाय अनीती पुष्कळदा खाटेपाशी नसतेच, ती खरेदीच्या फायलीत असते. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदी व औषध प्रशासन यांतील जी सडकी साखळी उघडी केली, ती कोणत्याही खाटेपाशी बसून केलेल्या नैतिक चिंतनाने तुटली नसती. हे सगळे मान्य. पण यातून निष्कर्ष काय निघतो? व्हेंटिलेटर दहा आणि मुले चौदा असतील तर चौघांना नाही म्हणायचा निर्णय होणारच आहे. तो रात्री दोन वाजता छत्तीस तास जागा असलेला निवासी डॉक्टर एकटा घेतो, कोणाला कारण न सांगता घेतो, आणि पुढच्या रात्री दुसरा डॉक्टर वेगळ्या कसोटीवर घेतो. टंचाई असली की नीतीची गरज कमी होते हे म्हणणे मुळातच उलटे आहे. सगळ्यांना सगळे मिळत असते तर निवडीचा प्रश्नच कुठे आला असता? आणि टंचाईचे वाटप उघड नियमांनी करता येते हे याच शहराने करून दाखवले आहे. करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या आणि त्यानंतर महापालिकेने शहराच्या २४ प्रशासकीय वॉर्डांत वॉर रूम उघडून खाटांचे वाटप तिथून सुरू केले. त्यात ओळखीपाळखी चालल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. पण खाट कोणाला आणि का, हे विचारायला एक जागा होती, एक फोन नंबर होता. साथ ओसरली आणि ती जागाही गेली.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो, कारण तो समतेच्या बाजूने उभे राहणाऱ्यांकडून येतो. ते म्हणतात, समिती अन्यायाला सोवळे नेसवेल; आज निदान डॉक्टरला मनात खुपते, उद्या ‘समितीने ठरवले’ म्हणून कोणालाच खुपणार नाही. याला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेतील सिएटल शहरात १९६० च्या दशकाच्या आरंभी कृत्रिम मूत्रपिंडाची यंत्रे मोजकीच होती आणि ती कोणाला द्यावीत हे ठरवण्यासाठी सात नागरिकांची, नावे गुप्त ठेवलेली समिती नेमली गेली. तिने माणसाचे उत्पन्न पाहिले, लग्न झाले आहे का ते पाहिले, शिक्षण पाहिले, चर्चच्या कामातील सहभागही पाहिला. आणि मुलांना तर त्या रांगेत उभेच राहू दिले नव्हते. समितीतल्या लोकांनी आपल्यासारख्या दिसणाऱ्यांना वाचवले, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मुंबईत अशी समिती बसली तर तिच्यात कोण असेल? विभागप्रमुख, अधीक्षक, एखादे निवृत्त न्यायाधीश, एखाद्या सेवाभावी क्लबचे अध्यक्ष. गोवंडीहून किंवा मोखाड्याहून आलेल्या आईला काय परवडते आणि काय नाही, हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक असणार?

तरीही सिएटलची गोष्ट तिथे संपत नाही, आणि आक्षेप घेणारे ती नेहमी तिथेच सोडतात. नोव्हेंबर १९६२ मध्ये एका खपाच्या साप्ताहिकाने त्या समितीचे कामकाज लोकांपुढे आणले. त्या समितीमुळे एक गोष्ट झाली होती, ती म्हणजे माणसे यंत्राअभावी मरतात हे सत्य एका ठिकाणी, एका दाराआड का होईना, गोळा झाले होते, आणि गोळा झाले म्हणून ते सापडले. वाद पेटला, पुढची दहा वर्षे चालला, आणि १९७२ मध्ये अमेरिकी कायद्याने मूत्रपिंड निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डायलिसिसचा भार सरकारी तिजोरीवर टाकला. हे एका लेखामुळे घडले असा दावा मी करत नाही. पण विखुरलेल्या, घराघरांत गुपचूप झालेल्या मृत्यूंवर कधी कायदा झाल्याचे ऐकले आहे का? डामाची पद्धत नेमके हेच विखुरण्याचे काम करते. टंचाई समाजाची असते, तिचा निर्णय मात्र प्रत्येक कुटुंब स्वतंत्रपणे, स्वतःच्या अपराधी मनाने, स्वतःच्या सहीने घेते. आणि संध्याकाळी रुग्णालयाच्या नोंदीत कोणाचाही मृत्यू झालेला नसतो, एक रुग्ण ‘गेलेला’ असतो. सिएटलच्या समितीने पक्षपात केला, पण तो पकडता येण्याजोगा पक्षपात होता. आमच्या पद्धतीत पकडायलाच काही उरत नाही.

पालकांनी घेतलेला निर्णय हा निर्णय असतो तरी का, असा प्रश्न इथे आलाच पाहिजे, कारण ‘पालकांची इच्छा’ हा शब्दप्रयोग सगळ्या चर्चेत निर्वाळ्यासारखा वापरला जातो. परळमध्ये याचे उत्तर हाताशी आहे. केईएम १९२६ चे, वाडिया बालरुग्णालय १९२९ चे, टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे, तिन्ही पायी जाण्याच्या अंतरावर, आणि तिन्हींच्या आसपासच्या फुटपाथांवर बिहार-बंगालपासून मराठवाड्यापर्यंतची कुटुंबे बिऱ्हाड मांडून असतात. उपचार अर्धवट टाकून मुलाला गावी नेणारे पालक अडाणी असतात, देवऋषीच्या नादी लागलेले असतात, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. टाटाच्या बालकर्करोग विभागाने २०१० च्या सुमारास राहण्याची सोय, पोषण, औषधे, रक्त आणि समुपदेशन एकत्र बांधून देण्यास सुरुवात केली. त्याआधी पाचातले साधारण एक मूल उपचार सोडून जात असे. हे प्रमाण पुढे पाच टक्क्यांच्या आसपास आले. पालक तेच, आजार तोच. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत एक खोली मिळणे किंवा न मिळणे यावर ज्याची ‘इच्छा’ बदलते, त्याच्या इच्छेला स्वायत्त निर्णय म्हणून कागदावर चढवणे ही नीती नव्हे, लबाडी आहे. यात पालकांच्या अधिकाराचा अवमान नाही. खरोखर विचार करून, मुलाचे हाल थांबावेत म्हणून घरी नेणारे आईबाप असतात, आणि त्यांना वेदना कमी करणाऱ्या उपशामक उपचारांची जोड देऊन सन्मानाने जाऊ दिले पाहिजे. पण हे दोन्ही आज एकाच छापील फॉर्मवर सही करतात.

म्हणूनच डामाच्या सहीआधी नीतिसल्ला आपोआप मागवला गेला पाहिजे, निदान अतिदक्षता विभागातल्या मुलांसाठी. सल्ला देणाऱ्याने पहिले प्रश्न अगदी रूक्ष विचारावेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा आजार बसतो का हे कोणी तपासले का? रुग्णालय धर्मादाय असेल तर उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतील निर्धनांसाठीच्या १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठीच्या आणखी १० टक्के खाटांपैकी किती रिकाम्या आहेत, आणि हे या आईला कोणी, कोणत्या भाषेत सांगितले? जव्हारच्या वारली आईला इंग्रजी संमतिपत्रावर अंगठा द्यायला लावून मिळवलेली संमती चौकशीत टिकेल, पण तिला संमती म्हणता येईल का? मग त्याहून अवघड प्रश्न. हे मूल मुलगा असते तर हीच सही झाली असती का? दिल्लीच्या एम्समधील २०११ च्या एका अभ्यासात, हृदयशस्त्रक्रिया सुचवलेल्या मुलींपैकी ती प्रत्यक्षात झालेल्या मुलींचे प्रमाण मुलांच्या मानाने बरेच कमी आढळले होते, तेव्हा हा संशय हवेतला नाही. डाऊन सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष असलेल्या बाळाच्या आतड्याची साधी शस्त्रक्रिया टाळली जात असेल, तर कारण आतड्यात आहे की सिंड्रोममध्ये? १९८२ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यात अशाच, बंद अन्ननलिका असलेल्या बाळाला शस्त्रक्रियेविना मरू दिले गेले, आणि त्या प्रकरणानंतरच तिथल्या रुग्णालयांत नवजात बालकांसाठी पुनर्विलोकन समित्या आल्या.

डॉक्टरांचा आक्षेप वेगळा आहे. आधीच मारहाण, आधीच ग्राहक न्यायालये, त्यात आणखी एक पहारेकरी कशाला? त्यांची भीती खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय ते चुकीच्या दिशेला शोधतात. ऑक्टोबर १८९६ मध्ये, प्लेगच्या पहिल्या लाटेत, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही आणि आत काय चालते हे कोणी सांगत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. सक्तीने ती समजूत गेली नाही. पुढे निरनिराळ्या समाजांना आपली रुग्णालये चालवू दिल्यावर, आपली माणसे आत दिसू लागल्यावर विरोध पुष्कळ निवळला. जातवार रुग्णालये हा काही अनुकरणीय नमुना नव्हे, पण त्यातले तत्त्व घेण्यासारखे आहे. सल्लागटात वैद्यकीय समाजसेवक हवाच. देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक १९४६ मध्ये याच शहरात, जे. जे. मध्ये नेमला गेला होता, आणि आज त्या विभागाला योजनांचे फॉर्म भरण्यापलीकडे बोलू दिले जात नाही. पूर्वी याच वॉर्डातून गेलेले एखादे पालक हवेत. आणि सिस्टर हव्यात. केईएममध्ये वर्षानुवर्षे अचेतन पडून असलेली परिचारिका अरुणा शानबाग हिच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार ३७ वर्षे तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना मानला. त्या निकालाशी मतभेद असू शकतात, पण रोज अंग पुसणाऱ्याला काहीतरी कळते हे न्यायालयाला दिसले आणि रुग्णालयांच्या समित्यांना अजून दिसलेले नाही. सल्ला मागण्याचा अधिकारही सिस्टर, समाजसेवक, पालक यांपैकी कोणालाही असावा. तो फक्त युनिटप्रमुखाच्या मर्जीवर ठेवला, तर बोलघेवड्या, वकील ओळखीचा असलेल्या कुटुंबांसाठीच तो मागवला जाईल, आणि समतेसाठी उभारलेली व्यवस्था स्वतःच विषमता वाढवेल.

राहिला तो ‘एका मुलावर किती खर्च करायचा’ हा प्रश्न. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या स्नायूंच्या दुर्मिळ आजारावरील एका इंजेक्शनासाठी लोकांनी सुमारे सोळा कोटी रुपये जमवले आणि सरकारने आयातीवरील कर माफ केला. त्यावर एक वर्ग गहिवरला आणि दुसऱ्याने इतक्या पैशांत किती लशी आल्या असत्या याचा हिशेब केला. हिशेब बरोबर आहे, पण तो करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की लोकवर्गणी हीसुद्धा एक वाटपपद्धतच आहे, आणि तिचे निकष सिएटलच्या समितीपेक्षा फारसे बरे नाहीत: फोटोत गोड दिसणारे बाळ, इंग्रजीत आवाहन लिहू शकणारे आईबाप, ओळखीतले एखादे प्रसिद्ध नाव. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली आता मिळणारी ५० लाखांपर्यंतची मदत हा निदान जाहीर निकष आहे. तो अपुरा आहे असे म्हणता येते, त्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. भावनेने चाललेल्या वाटपाविरुद्ध कोठे जायचे?

वर्षाअखेरीस प्रत्येक रुग्णालयाने एक आकडा जाहीर केला पाहिजे: अतिदक्षता विभागातून किती मुले डामावर गेली, त्यांपैकी किती पैशांअभावी, किती खाटेअभावी, त्यांत मुली किती, कोणत्या तालुक्यांतून आलेली. रुग्णाच्या गोपनीयतेचे कारण यावर पुढे केले जाईल, पण यात नाव कोणाचेच लागत नाही. लागते ते कारण, आणि ते आजही फॉर्मवर लिहिलेले असते, फक्त ‘नातेवाइकांची इच्छा’ या शब्दांत. महापालिकेच्या रुग्णालयांचे आकडे आरोग्य समितीपुढे आणि धर्मादाय रुग्णालयांचे धर्मादाय आयुक्तांपुढे ठेवावेत. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचे होते आणि त्यातला सुमारे दहावा हिस्सा आरोग्याचा. त्या हिश्शात नवजात बालकांचे किती व्हेंटिलेटर बसवायचे यावर भांडण व्हायचे असेल, तर भांडणाऱ्या नगरसेवकाच्या हातात आपल्या वॉर्डातून डामावर गेलेल्या मुलांची संख्या असली पाहिजे.